कै. खुशाल सहारे यांस

ब्रह्मपुरी
४ जुलै २०२४

खुशाल,

जय भीम.

तू जिवंत आहेस हे मला माहीत आहे. कॉलेजला माहीत नाही. म्हणून हे पत्र.

फोन तीनदा केला. दोनदा तू कट केलास. तिसऱ्यांदा नीलाबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "ते बांधीत हायेत, रोवना चालू हाय." मागून तुझा आवाज स्पष्ट आला: "सांग तिले, मेला म्हनून." धानाच्या बांधीतल्या माणसाचा आवाज स्वयंपाकघरातून येत नाही. ते असो. तुझा हा निरोप मी समितीला कळवलेला नाही. तरी समिती स्वतःच्या बुद्धीने त्याच निष्कर्षाला पोचली आहे.

समिती म्हणजे आपल्या कॉलेजची. आंबेटोल्याच्या विद्यापीठ अभियांत्रिकी महाविद्यालयाला यंदा चाळीस वर्षे होतात. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, कार्यक्रम आहे. स्मरणिका निघणार. तीत कॉलेजचा इतिहास मी लिहायचा आहे, कारण पहिल्या तुकडीतली मी, नंतर तिथेच पस्तीस वर्षे सर्वेक्षण शिकवणारीही मी, आणि मे महिन्यात निवृत्त झाल्यामुळे मला भरपूर वेळ आहे असा प्राचार्यांचा समज.

आता मुद्दा. वर्कशॉपसमोर पाणी साचायचे, ते अजून साचते. जुलै ते डिसेंबर. होस्टेलची मुले त्यात गळ टाकून बसतात. सदतीस वर्षे सगळे त्याला 'खुशालसागर' म्हणतात. हा खुशाल कोण, हे आज तिथे कोणालाही माहीत नाही. प्राचार्य प्रणित निकुरे यांनी शोध घेतला. जुन्या हजेरीपटात एकच खुशाल सापडला. त्यावरून त्यांनी ठरवले की या विद्यार्थ्याने कॉलेजला जमीन दान दिली असावी. "मॅडम, विद्यार्थीदशेत जमीन देनं म्हंजे केवढं मन!" आणि एवढ्या मोठ्या मनाचा माणूस जिवंत असता तर चाळीस वर्षांत एकदा तरी सत्काराला आला असता, म्हणून तो हयात नसावा.

ठराव पास झाला आहे. कठडा, चार बाक, आणि फलक: 'कै. खुशालराव सहारे स्मृती सरोवर'.

तरी तू जिवंत असल्याचे सहीनिशी लिहून पाठव. सोबत एक फोटो, अलीकडचा. आणि एप्रिल १९८६ च्या लेव्हलिंगबद्दल तुला जे आठवते ते दोन पानांत, कागदाच्या एकाच बाजूला लिही. या शेवटच्या बाबतीत फार खोलात जाण्याची गरज नाही. अधिकृत नोंद माझ्याकडे आहे.

पत्र रजिस्टरने पाठवत आहे. पोचपावतीवर सही तुझीच असावी, नीलाबाईंची नको.

कांता बारसागडे
(निवृत्त सहयोगी प्राध्यापक, स्थापत्य)


ब्रह्मपुरी
१९ जुलै २०२४

खुशाल,

जय भीम.

कार्ड मिळाले. दोन पाने मागितली होती, चार ओळी आल्या. "तुमच्या कॉलेजचं मले काई घेनं नाई. डबक्याले कोनतं बी नाव द्या. त्या दिवशी कोन कुठी होतं ते तुले मालूम हाय. खुशाल (जिवंत)." फोटो नाही.

मला काय मालूम आहे हा प्रश्न नाही. इतिहासाला कागद लागतो.

मसुद्याचा पहिला भाग पाठवत आहे. चुका असतील तर पेन्सिलने दाखव. १९८४ साली कॉलेज एका बंद तांदूळ गिरणीच्या गोदामात सुरू झाले, साठ मुलगे आणि एक मुलगी, हे लिहिले आहे. छतातून भुसा गळायचा आणि ड्रॉइंगच्या कागदावर बसायचा, हेही. पहिल्या सत्रात उंदरांनी अकरा शीट खाल्ल्या, त्यांतली एक माझी होती. घरोटे सरांनी उरलेल्या भागाला उरलेले गुण दिले. तू टी-स्क्वेअरने विंचू मारला होतास, तोही आहे. तुझ्या नावासकट.

प्राचार्यांनी वाचले आणि म्हणाले, "मॅडम, उंदीर काढा न. 'प्रतिकूल परिस्थिती' लिहा."

मी म्हटले, "परिस्थितीने शीट खाल्ली नव्हती."

"मंग विंचू तरी?"

"विंचू राहील."

हा निकुरे माझाच विद्यार्थी. २००१ साली सर्वेक्षणात मी त्याला नापास केले होते. रीडिंग कुक केले होते त्याने. शेतात न जाता झाडाखाली बसून अंदाजाने आकडे भरायचे आणि बेरीज जुळवायची, याला आमच्याकडे कुक करणे म्हणतात. तुझ्या वेळीही हाच शब्द होता. पस्तीस वर्षांत मी या कारणासाठी दोनशे अकरा मुलांना नापास केले. मला पाहिले की मुले वर्गात शिटी वाजवायची, कुकरची. मला त्याचे काही वाटत नसे.

आता १९८६ चा परिच्छेद. सामान्य वाचकासाठी मी तो सोपा केला आहे. लेव्हल म्हणजे तीन पायांवरची दुर्बीण. समोर एक जण आकडे लिहिलेली उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, सरळ धरून उभा राहतो. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचला की तिथली जमीन किती उंच किंवा किती खोल ते कळते. वाचणाऱ्याने हाताने खूण केल्याशिवाय पट्टीवाल्याने हलायचे नसते. पुढे असे लिहिले आहे:

'वर्कशॉपच्या जागेची लेव्हल घेण्याचे काम प्रा. घरोटे यांनी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर सोपवले. मोहफुलांचे दिवस होते. सकाळी साडेसातला जागेवर अस्वल आले. तरीही काम पूर्ण झाले. तिथे बांधलेल्या वर्कशॉपमध्ये पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरले. चौकशीत असे आढळले की शेवटच्या तीन रीडिंगच्या वेळी स्टाफधारक विद्यार्थ्याने जागा सोडली होती.'

चौकशी अहवालात हे असेच आहे. अहवाल मी लिहिलेला नाही.

कांता बारसागडे


ब्रह्मपुरी
२ ऑगस्ट २०२४

खुशाल,

वैनगंगेला पूर आहे. तुझे उत्तर पुरात अडकले की तू लिहिलेच नाहीस हे कळायला मार्ग नाही, म्हणून पुढचे पत्र लिहीत आहे.

तू सहकार्य करत नाहीस, तेव्हा मी दुसरा साक्षीदार शोधला. सुकलूभाऊ मडावी. आठवतात का? कॉलेजच्या जागेचे पहिले चौकीदार. वय ब्याऐंशी. आंबेटोल्यातच राहतात. मी वही-पेन घेऊन गेले. त्यांनी मला ओट्यावर बसवले, चहा दिला आणि माझ्या पहिल्याच प्रश्नाला हसायला लागले. तीन-चार मिनिटे हसत होते.

मी म्हटले, "भाऊ, त्या दिवशी खुशाल पळाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी मोहाच्या झाडावर होतो जी, बाई. अस्वल आलं तसा चढलो. वरून समदं दिसून राह्यलं होतं."

"काय दिसले?"

"खुशाल नाई पळला. पळल्या तुमी."

मी हे वहीत लिहिले नाही. ते पुढे सांगत राहिले. पाच पोरे आधी पळाली, मग मी. दुर्बीण जागेवर उभी राहिली. आम्ही सगळे सरांच्या जीपमध्ये चढलो आणि जीप गावाकडे गेली. खुशाल पट्टी धरून उभा. अस्वल त्याच्यापासून वीस-पंचवीस हातांवर मोहफुले खात होते. "पोट्टा हालला नाई. दगडासारका. मी वरून म्हनतो, खुशाल, खाली बस गा! तर तो वठातल्या वठात म्हनते, बाईनं हात नाई केला अजून."

अस्वल पोट भरून निघून गेले तरी तू उभा होतास. आम्ही नऊ वाजता परत आलो तरी उभा होतास, असे सुकलूभाऊंचे म्हणणे.

मी त्यांना सांगितले की अडतीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीत माणसाची स्मृती दगा देऊ शकते.

"हो जी, देते," ते म्हणाले. "तुमची येक चप्पल ऱ्हायली होती तिथी. डाव्या पायाची. हिरव्या पट्ट्याची. अस्वलानं हुंगून पायली न् सोडून देली."

चप्पल राहिली होती हे खरे आहे. पट्टा हिरवाच होता.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितले. वर्कशॉपच्या त्या जागी पूर्वी बोडी होती. गावाची पाणी साठवायची लहानशी बोडी, गाळाने भरून गेली होती. "तलाव नवा नाई झाला, बाई. वापस आला."

मसुद्यातला परिच्छेद मी तूर्त बाजूला ठेवला आहे. कॉम्प्युटर शाखेचा इतिहास लिहायला घेतला. त्यात अस्वल नाही.

कांता


ब्रह्मपुरी
१४ ऑगस्ट २०२४

खुशाल,

जय भीम.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहीत आहे. आधीची तीन फाडली. त्यांतली वाक्ये फार चांगली झाली होती.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या अभिलेख खोलीत, १९८४ ते १९९० च्या गठ्ठ्यात, आपली लेव्हल-वही सापडली. वाळवीने कोपरा खाल्ला आहे, आतली पाने शाबूत. निकुरे यांना फार आनंद झाला. कॉलेजची पहिली लेव्हल-वही, बारसागडे मॅडमच्या हस्ताक्षरात! काचेच्या पेटीत ठेवू, म्हणाले. सर्वांसमोर त्यांनी ती उघडली आणि शेवटच्या पानावर आले.

खुशाल, कुक केलेले रीडिंग कसे ओळखायचे हे मी त्याला शिकवले आहे. खऱ्या जमिनीचे आकडे ओबडधोबड असतात. एक वर, एक खाली, कुठे ढेकूळ, कुठे खड्डा. अंदाजाने भरलेले आकडे सुरेख असतात, पायरी-पायरीने चढतात. माझ्या वहीत अठरा आकडे ओबडधोबड आहेत आणि शेवटचे तीन अतिशय सुरेख.

निकुरे यांनी दोन मिनिटे ते पान पाहिले. मग वही मिटली आणि म्हणाले, "मॅडम, चहा घेता?"

मी म्हटले, "काय दिसले तुम्हाला?"

"काई नाई. ही वही पेटीत नका ठेवू, मॅडम. वाळवी लागली हाय. बाकीच्या वस्तू खराब होतील."

ज्या कारणासाठी मी त्याचे एक वर्ष घालवले, त्याच कारणासाठी त्याने मला सर्वांसमोर वाचवले. इतका अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता. चहा मी घेतला.

तेव्हा आता ऐक. तुला हे सगळे माहीत आहे, पण माझ्याकडून तू ऐकलेले नाहीस.

पोरे पळाली, मी पळाले. जीपमध्ये बसल्यावर वही माझ्या हातात होती. तीन ओळी रिकाम्या होत्या. घरोटे सर गावात चहा पीत होते आणि दहा वाजता वही मागणार होते. तुकडीतली पहिली येणारी मुलगी अस्वलाला पाहून दुर्बीण टाकून पळाली, हे त्यांना सांगायचे माझ्या जिवावर आले. आधीच्या जमिनीला चढ होता. तसाच चढ पुढे असेल असे धरून मी तीन आकडे भरले. बेरीज जुळवली. खाली 'तपासले' असे लिहून सही केली. हे सगळे धावत्या जीपमध्ये. तरी अक्षर बघ किती सरळ आहे.

परत आलो तेव्हा तू उभा होतास. मी म्हटले, "झाले रीडिंग. चल." तू म्हणालास, "कवा घेतलं?" मी म्हटले, "तुझे लक्ष नव्हते."

आदल्या दिवशी तू मला सांगितले होतेस, "इथी खोल हाय कांता, गवत पाय. बोडीचं गवत हाय हे." मी तुला म्हटले होते, "ही तुझ्या बापाची बांधी नाही. हे इंजिनिअरिंग आहे."

आणि चौकशी. घरोटे सरांनी मला विचारले, "शेवटच्या तीन वेळा स्टाफ हलला होता का?" मी म्हटले, "शक्य आहे." एवढेच. त्यानंतर तुझे सत्र रद्द झाले, तू ट्रंक घेऊन कुरखेड्याच्या गाडीत बसलास, आणि डबक्याला तुझे नाव पडले. मी खोटे बोलले नाही, फक्त 'शक्य आहे' म्हणाले, असे मी स्वतःला सदतीस वर्षे सांगत आले. मुलांना मात्र मी हे चालू देत नसे. एखादा 'शक्य आहे मॅडम' म्हणाला की त्याला मी वर्गाबाहेर काढायची.

ही सगळी हकीकत स्मरणिकेत घालायची की नाही हे ठरवायचे आहे. निकुरे गप्प राहतील. सुकलूभाऊंना कोणी विचारणार नाही. तू मला काही कळवणार असशील तर ३० तारखेपर्यंत कळव. छापखान्याची मुदत आहे.

कांता


ब्रह्मपुरी
२९ ऑगस्ट २०२४

खुशाल,

तुझे पत्र आले. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिले आहेस. मी सहा वेळा वाचले.

तुझेच शब्द तुला परत लिहिते, म्हणजे माझी वाचण्यात चूक झाली असेल तर सांगशील.

"घरोटे सरानं तुह्याआधी मले बलावलं होतं. इचारलं, स्टाफ सोडला होतास का. मी म्हनलं, हो जी, सोडला. अस्वलाले भ्यालो. तुले बलावलं तवा निकाल लागला होता. तुह्या 'शक्य आहे'नं काई फरक नाई पडला, मोठी आली शक्य आहे वाली. मी तीन विषयांत नापासच होतो. दोघायनं काऊन घरी जावं? मले बांधी होती. तुले काय होतं? तुहा बाप त जीप घेऊनच उभा होता तुले वापस न्याले. साठ पोट्ट्यांत तू येक पोट्टी. तू गेली असती त म्हनले असते, पोट्ट्यायचंच काम हाय हे. मंग दुसरी आली नसती."

आणि त्याखाली:

"मेहरबानी समजू नोको. मले राग आला होता न् अजून हाय. तो सत्र गेल्याचा नाई. तू येकदा बी मले येऊन म्हनली नाई का खुशाल, तू उभा होतास. कुरखेड्यावरून तुही यस्टी किती डाव गेली. मी ठेसनावर पायली तुले. तू पेपर वाचत होती."

पेपर उलटा होता, खुशाल. पण ते जाऊ दे.

आता माझे उत्तर. एक: हा निर्णय तू मला न विचारता घेतलास. माझ्या चुकीवर माझा हक्क होता. तू तो परस्पर उचलून कुरखेड्याला घेऊन गेलास आणि मी सदतीस वर्षे एका शब्दाचे ओझे वाहत बसले, जो शब्द तुझ्या म्हणण्याप्रमाणे कोणी ऐकलाही नाही. याचा मला अतिशय राग आला आहे.

दोन: दुसरी आली. मी शिकवायला लागले त्या वर्षी तीन मुली होत्या. यंदा प्रवेशाच्या यादीत एकशे चार आहेत. आकडा कार्यालयातून तपासून घेतला आहे, अंदाजाने नाही.

तीन: तू उभा होतास.

हे मी स्मरणिकेत लिहिले आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. छापखान्याला काल दिले.

कांता

ता. क. 'मोठी आली शक्य आहे वाली' हे मी छापलेले नाही.


ब्रह्मपुरी
१७ सप्टेंबर २०२४

खुशाल,

जय भीम.

कार्यक्रम झाला. तू आला नाहीस. नीलाबाई आल्या. कुरखेड्याहून वडसा, वडशाहून ब्रह्मपुरी, तिथून काळीपिवळी जीपमध्ये नववा माणूस म्हणून. पहिल्या रांगेत बसल्या. ती रांग पाहुण्यांची होती. स्वयंसेवक त्यांना उठवायला आला तेव्हा म्हणाल्या, "बापा, ज्याच्या नावाचा तलाव हाय त्याची बायको हावो मी. ते कैलासवासी घरी हायेत, डुकरायपासून धान राखून राह्यले." तो मुलगा परत आला नाही.

स्मरणिकेत माझे पान नव्हते. मी मंचावर बसून पाने मोजली. पंधरानंतर एकदम सतरा. निकुरे शेजारी होते. मी पान त्यांच्यासमोर धरले.

"छापखान्याची चूक असंल, मॅडम," ते म्हणाले.

"शक्य आहे का?" मी विचारले.

त्यांनी स्मरणिका माझ्या हातातून घेतली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठीच काढलं. आमी दोनशे अकरा लोकं हावोत. सोडनार नाई तुमाले."

माझे भाषण पाच मिनिटांचे होते, 'कॉलेजची वाटचाल' या विषयावर. मी पर्समधून हाताने लिहिलेली प्रत काढली आणि सोळावे पान वाचले. उंदरांपासून बोडीपर्यंत. अस्वल आले तिथे सभागृह हसले. जीप आली तिथे जास्त हसले. वहीतल्या तीन आकड्यांवर आले तेव्हा कोणी हसले नाही. पंख्यांचा आवाज येत होता, आणि त्यांतला एक पंखा दुरुस्तीला आलेला आहे हे मी निकुरे यांना नंतर सांगितले. शेवटी मी वाचले: 'पहिल्या तुकडीतला विद्यार्थी खुशाल सहारे, स्टाफ घेऊन, अस्वलासमोर दीड तास जागेवर उभा होता. पळाले ते मी. आकडे खोटे आहेत ते माझे.' मग खाली बसले.

मागच्या रांगेत एक जण उठला. चांगला जाडजूड, केस पांढरे. पाटबंधारे विभागात कार्यकारी अभियंता आहे. १९९६ चा. मी ओळखले.

"मॅडम," तो म्हणाला, "मंग माहं वर्ष?"

आता सभागृह फुटले. मी पुन्हा माइक घेतला आणि सांगितले, "तुमचे रीडिंग तेव्हाही खोटे होते, आजही खोटेच आहे. बसा."

तो बसला. मग सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कोणी तरी मागून शिटी वाजवली, कुकरची. त्यानंतर बऱ्याच शिट्या झाल्या. नीलाबाईही वाजवत होत्या, आणि एका हाताने मोबाइल धरून सगळे भरून घेत होत्या. म्हणाल्या, "त्यायले आयकवतो. नाई म्हनतीन, तरी आयकवतो."

फलकाचे सांगायचे राहिले. तुझे कार्ड कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिळाले: "नाव ऱ्हाऊ द्या. पोट्ट्यायच्या तोंडी बसलं हाय. फक्त मले जित्ता करा." पेंटरला बोलावले. त्याने 'कै.' खरवडले आणि तिथे 'श्री.' लिहिले. रंग वेगळा पडला. लांबून पाहिले तर तूच काय तो नवा दिसतोस. 'स्मृती' हा शब्द मी काढायला लावला. 'राव' त्याने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवला आहे.

काल सकाळी नीलाबाईंचा फोन आला. तू जेवताना ऐकलेस म्हणे. पूर्ण होईपर्यंत घास घेतला नाहीस. मग म्हणालास, "आवाज अजून तसाच हाय, मास्तरनीचा." थोड्या वेळाने म्हणालास, "लाव आनखी येक डाव." त्यांनी लावले. मग तू बाहेर गेलास आणि म्हशीला दोनदा पाणी पाजलेस. हे सर्व त्यांनी मला सांगितले. तू त्यांच्यावर रागावू नकोस, मीच विचारले होते.

आता काम. वर्कशॉपमधले पाणी काढायला नाली खोदायची असे प्राचार्यांनी ठरवले आहे. तलाव राहील, पण वर्कशॉप कोरडे होईल. नालीला उतार किती द्यायचा ते जुन्या वहीवरून काढू, असे कंत्राटदार म्हणाला. मी वही कपाटात ठेवून किल्ली घरी आणली. त्या तीन ओळींवर लाल शाईने रेघ मारली, तारीख घातली, सही केली. खाली तीन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत. अडतीस वर्षे झाली, त्या तीन जागांचे आकडे अजून कोणी वाचलेले नाहीत.

निकुरे नवे यंत्र देत होते, बटण दाबले की आकडा येतो. मी नको म्हटले. आपली जुनी दुर्बीण प्रयोगशाळेत आहे, मी स्वतः पुसून ठेवली आहे. येत्या रविवारी, सकाळी सातला, आंबेटोल्याला ये. बोडीच्या काठाकाठाने चिखल आहे, गमबूट आण. दुर्बिणीतून तू वाचायचे आणि वहीत तू लिहायचे. स्टाफ मी धरीन.

नऊनंतर ऊन चढते, हवा थरथरते आणि आकडा नीट दिसत नाही, म्हणून वेळेवर ये. उशीर केलास तर मी थांबणार नाही, असे लिहिणार होते.

थांबेन.

कांता